रिलीव्हर आल्याशिवाय

माझ्याकडे तीन डीजे आहेत असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग माझ्या घराच्या भिंतींकडे बघतो. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये डीजे म्हणजे माणूस नव्हेच. डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. ती वरातीच्या पुढे चालते आणि चौथ्या मजल्यावरची भांडी मांडणीत नाचवते. आमच्या रावेतच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा मुद्दाम वर आले. चपला दाराबाहेर काढून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही डीजेचा धंदा सुरू केलाय असं कळलं. पार्किंगमध्ये ट्रक लावता येणार नाही बरं का." नणंदेचा तर लातूरहून फोन आला, "वैनी, घरचाच डीजे हाय म्हणल्यावर लेकाच्या वरातीला दुसऱ्याला कशाला सांगावं?" तिला नाही म्हणताना माझ्या नाकीनऊ आले. ती अजून थोडी फुगलेलीच आहे.

खरी गोष्ट अगदी साधी आहे. मी इंटरनेटवर एक छोटा रेडिओ चालवते. माझे डीजे म्हणजे तीन साधी माणसं. ती आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे माइक लावून बसतात, बोलतात, गाणी लावतात, आणि ज्याला हवं त्याला ते मोबाइलवर ऐकू येतं. सकाळी मोशीहून एक कोकणी गृहस्थ असतात, दुपारी कुरुळीहून काका आणि काकांच्या मागून सांगवीची एक मुलगी. मी रावेतला माझ्या स्वयंपाकघरालगतच्या टेबलाशी बसून कोण जोडलंय, कुणाचा आवाज फाटतोय, कुणी माइक बंद ठेवूनच बोलतंय ते बघते. एरवी मी पोटासाठी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते. हा एकच माझा स्वतःचा आहे, म्हणून त्याच्यावर जास्त ओरडते.

रेडिओ सुरू व्हायला कारण माझा नवरा. तो चाकणच्या एका कंपनीत आहे. कंपनीची बस तळेगाव चौकात अडकली की अडकली. बसमध्ये प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं, पण जो तो मुंबईचं नाहीतर दिल्लीचं ऐकतोय. एकदा घरी येऊन वैतागून म्हणाला, "कारखान्यांचा एवढा मोठा बेल्ट, एवढी माणसं, आणि आपल्याकडचं कुणी बोलतच नाही." मी म्हटलं, थांब, बोलवते. मी रागाच्या भरात सुरू केलेली कामं सहसा तडीला जातात, शांतपणे सुरू केलेली रखडतात.

काका आले ते बसमधल्याच कुणाच्या तरी ओळखीने. कुरुळीचेच जुने राहणारे. सगळी उमर एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबण्यात गेलेली. आता निवृत्त. आवाज असा की माइक नसता तरी चाललं असतं. पहिली पाळी सुटते आणि बसेस घराकडे निघतात, तो तास त्यांचा. गावच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग, भारुडं, मेथी कुठे चांगली आलीये, कुठल्या चौकात गाड्या तुंबल्यात, सुनेने केलेल्या पिठल्याबद्दल दोन शब्द, असा सगळा कारभार. काकूंनी मला सांगितलं होतं की कार्यक्रमाआधी ते इस्त्रीचा शर्ट घालतात. म्हटलं, रेडिओवर शर्ट कुणाला दिसतो? काकू म्हणाल्या, "मी बी त्येच म्हणलं. तर म्हणत्यात, ड्युटीए."

सांगवीची मुलगी वेगळी. वडील कारखान्यात कामगार होते, ही शिकली आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. दुपारी नदी ओलांडून घरी येते, चहाचा कप हातात घेऊनच बसते. त्यांच्या वस्तीतल्या गायन पार्टीची जयंतीची गाणी, शिवाय कारखान्यांतल्या वायरिंगच्या शॉपमध्ये काम करणाऱ्या बायकांशी गप्पा. तिच्यासारखा वेळेचा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. रक्ताच्या नळ्या वेळेत गेल्या नाहीत तर फुकट जातात, त्यामुळे हिला सवयच तशी. मला ती ताई म्हणते आणि मी चुकले तर ताई म्हणूनच झापते.

आता यातली थोडी यंत्राची बाजू सांगायला हवी. सर्व्हरला तेव्हा आत यायचं दार एकच होतं. एका वेळी एकच डीजे आत. तो बाहेर पडला की दुसऱ्याने आत यायचं. मधल्या चार क्षणांत कुणीच नसेल तर सर्व्हर आपल्या पोतडीतलं एखादं गाणं आपणहून लावतो, म्हणजे ऐकणाऱ्याला शांतता लागत नाही. नियम सोपा: आधीच्याने जायचं, मग पुढच्याने यायचं. मी हे तिघांनाही नीट समजावून सांगितलं होतं. तिघांनीही माना डोलावल्या होत्या.

आणि तरी रोज दुपारी घोळ व्हायचा. काकांचा तास संपायचा, पण काका जायचे नाहीत. जायचे नाहीत म्हणजे काय, बोलत राहायचे. "तर मंडळी, आता सांगवीची आमची पोर येतीया. आली का? न्हाई आली अजून. येईल. पुलावर अडकली आसंल." इकडे ती बिचारी वेळेआधीच माइकपुढे बसलेली. जोडणीचं बटण दाबतेय आणि सर्व्हर तिला सांगतोय की दार अडलेलं आहे, आत माणूस आहे. ती काकांना फोन लावायची, तर काकांनी ड्युटीवर फोन बंद ठेवलेला. मग काका आणखी एक भारूड लावायचे. "रिलीव्हर अजून आली न्हाई. वाट बघू. लेकरू हाय, हुतो उशीर." किती मायेने बोलायचे! त्या मायेनेच तर घात व्हायचा.

कारण ऐकणाऱ्यांना काय कळणार दाराबिराचं? अख्ख्या बेल्टची खात्री झाली की सांगवीची पोरगी रोज उशिरा येते. तिच्या आईला भाजी घेताना एका बाईने म्हटलं, "तुमची मुलगी रेडिओवर फार छान बोलते हो, फक्त जरा वेळ पाळत जा म्हणावं." त्या संध्याकाळी मुलीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. "ताई, मी जन्मात कुठे उशिरा पोचले नाही. आणि इथे मला सगळे लेटलतीफ म्हणतात. काकांना सांगा, नाहीतर मी सोडते."

मी काकांना सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. "काका, वेळ झाली की तुम्ही बाहेर पडा. तुम्ही पडल्याशिवाय तिला येताच येत नाही." काका म्हणायचे, "व्हय व्हय, समजलं. ती आली की पडतोच." मी म्हणायचे, ती येणार कशी? ते म्हणायचे, आली की पडतो. ही संभाषणं मी कपाळाला हात लावून संपवत असे.

शेवटी एकदा जेवताना नवऱ्यापाशी धुसफुसले, तर तो घास हातात धरून हसायलाच लागला. "अगं, रिलीव्हर आल्याशिवाय मशीन कोण सोडतं? पाळी संपली म्हणून चालू मशीन टाकून निघून गेलं तर सुपरवायझर उभं जाळेल. पुढचा माणूस येऊन शेजारी उभा राहणार, काय चाललंय काय नाही ते विचारून घेणार, चार्ज घेणार, मगच आपण हात काढायचा. काकांनी सगळी उमर तेच केलंय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांचा नियम होता, पुढचा आल्याशिवाय मी जाणार नाही. सर्व्हरचा नियम होता, आधीचा गेल्याशिवाय मी कुणाला घेणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मध्ये सांगवीच्या पोरीचं नाव खराब.

कारण कळलं म्हणून काही माझा राग गेला नाही. मी सर्व्हरचं काम करते, मला घोळ मिटवायला पगार मिळतो. काकांना बदलता येत नाही तर सर्व्हरला सांगू, असं म्हणून मी एक कळ फिरवली: तास संपला की आतला डीजे आपोआप बाहेर. मी तसं काकांना फोनवर सांगितलंही. त्यांनी "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये त्यांना काहीही कळलेलं नव्हतं, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी काका कुणाच्या तरी शेतातल्या विहिरीबद्दल सांगत होते. "तर त्या हिरीला पानी लागलं कसं, तर..." आणि कट. सर्व्हरने एक गाणं लावलं, ते संपताच मुलगी अगदी वेळेवर आत आली, नमस्कार म्हणाली. माझ्या पडद्यावर सगळं हिरवंगार. मी स्वतःलाच शाबासकी देऊन उठले आणि भाजी फोडणीला टाकली.

त्यानंतर काका आले नाहीत. पहिल्या दिवशी वाटलं, पाहुणे असतील. मग वाटलं, लाइट नसेल. फोन काकू उचलायच्या आणि म्हणायच्या, रानात गेलेत. त्यांच्या तासाला सर्व्हर आपला एकामागून एक गाणी लावत बसायचा. ना चौक, ना मेथी, ना पिठलं. बसमधली माणसं नवऱ्याला विचारायला लागली, "भाऊ, काका आजारी आहेत का?" आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त हळहळली ती सांगवीची मुलगी. "मी त्यांना काढा नव्हतं म्हटलं, ताई. तुम्ही त्यांना बोलता बोलता बंद केलंत." मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मला आणखी राग येतो. म्हटलं, हे फोनवर मिटायचं नाही. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि कुरुळी गाठली.

काका घरीच होते. रानाचं निमित्त होतं, एवढं दिसलंच. ओट्यावर बसले होते, साध्या बनियनवर. बसा म्हणाले, पाणी दिलं, आमच्या रावेतला पाणी किती दिवसांनी येतं याची चौकशी केली. मी जरा वेळ तग धरला, मग म्हटलं, "काका, तुम्ही रागावलात. मी तुम्हाला हाकललं नाही. तो यंत्राचा नियम होता, आणि मला अजूनही वाटतं नियम बरोबर आहे. पण तुम्ही यायचं थांबवलंत हे मला चालणार नाही. तुमच्याशिवाय दुपार ओस पडते."

काका म्हणाले, "राग न्हाई ताई. पर आमाला त्ये न्हाई जमायचं. पुढं मानूस उभा न्हाई आन् आपून मशीन सोडायची, ह्ये एकदा झालंया. पुना नगं."

मी विचारलं, कधी झालं?  काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मग काका सांगू लागले. कंपनीतला त्यांचा शेवटचा दिवस. सकाळी सत्कार झाला, शाल, नारळ, फोटो. साहेब म्हणाले, आज काम नका करू, घरी जा. काका म्हणाले, पाळी आहे, करतो. पाळी संपली आणि ते रिलीव्हरची वाट बघत मशीनपाशी उभे राहिले. कुणी आलं नाही. ती लाइन त्या दिवसापासून बंदच व्हायची होती, जागेवर नवी मशीन येणार होती, आपोआप चालणारी. बाकी सगळ्यांना ते ठाऊक होतं. यांना सांगायचं राहून गेलं, की शेवटच्या दिवशी कशाला सांगा म्हणून कुणी सांगितलं नाही, देव जाणे. दुसऱ्या पाळीची माणसं शेजारून आपापल्या लाइनीवर गेली. शेवटी वॉचमन आला, "काका, बस निघाली." तेव्हा त्यांनी स्वतःच बटण दाबून मशीन बंद केली.

"सगळी उमर म्या चालू मशीन दिली ताई," काका म्हणाले. "कवा बंद दिली न्हाई. आन् शेवटाला बंद केली ती बी कुनाला दिलीच न्हाई. अजून झोपंत वाटतं, पाळी संपंना. हितं तुमच्या रेडिओवर त्या पोरीला चार्ज द्यायचा, एवढंच वाटायचं. तर त्ये बी मधीच बंद पाडलं."

 मला परक्याच्या ओट्यावर रडायचं नव्हतं. नवरा मान खाली घालून बसला होता. निघताना मी एवढंच म्हटलं की काका, मला चार दिवस द्या. ते हसले, म्हणाले, घ्या की, मला कुठं जायचंय.

परत येताना गाडीत मी सर्व्हरला मनातल्या मनात शिव्या घालत होते. एक दार, एक दार म्हणून मीच धरून बसले होते. दार एकच असावं असं कुठे लिहून ठेवलंय? घरी आल्यावर बसले आणि जुनी मांडणी मोडून काढली. प्रत्येक डीजेला त्याचं स्वतःचं दार दिलं आणि सगळी दारं आत एकाच खोलीत उघडतील असं केलं. दोघं एकदम आत असले तर दोघांचाही आवाज बाहेर जाईल. जो बाहेर पडेल तो पडेल, दुसरा असतोच. आणखी एक अडचण होती. रेडिओ ऐकणाऱ्यापर्यंत थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे रेडिओ ऐकून एकमेकांशी बोलायला गेलं तर दोघांचा गोंधळ उडतो. म्हणून दोघांना एकमेकांचा आवाज थेट कानात मिळेल अशी वेगळी लाइन जोडली. हे सगळं करताना दोन वेळा रेडिओ पूर्ण बंद पडला आणि मोशीच्या कोकणी गृहस्थांनी मला "वायंच धीर धरा" असा सल्ला दिला. तो मी ऐकून घेतला.

मुलीला मी कुरुळीत जे ऐकलं ते सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "माझे बाबा पण पाळीहून आले की आधी सांगायचे, आज कुणी सोडवलं. नावानिशी सांगायचे. मला वाटायचं, यात सांगण्यासारखं काय आहे." मग एकदम नेहमीच्या स्वरात म्हणाली, "मी तास संपायच्या आधीच येऊन उभी राहीन. उशीर नको."

काकांना आणायचं काम काकूंनी केलं. कसं केलं ते मला माहीत नाही. पहिली पाळी सुटली आणि माझ्या पडद्यावर कुरुळीचं दार उजळलं. "नमस्कार मंडळी," काका म्हणाले, "मधी रानात काम हुतं." मग जसे काही कालच उठून गेले होते तसे त्या विहिरीला पाणी कसं लागलं ते सांगायला लागले. मी हातातलं काम टाकून ऐकत बसले. विहिरीत मला कणभर रस नव्हता, पण फार बरं वाटत होतं.

तास संपत आला आणि सांगवीचं दार उजळलं. दोघंही आत. रेडिओवर असं पहिल्यांदाच होत होतं. मुलगी म्हणाली, "काका, आले मी."

काका थबकले. रेडिओवरची शांतता फार लांब वाटते. मी टेबलाची कड धरून बसले होते. मग त्यांनी विचारलं, "आलीस? हितंच हायस नव्हं?"

"इथेच आहे. शेजारीच उभी आहे म्हणा ना. काय चाललंय सांगा, मला चार्ज द्या."

आणि काकांनी चार्ज दिला. असा सविस्तर की मी तसा कंपनीतल्या मोठमोठ्या साहेबांकडून ऐकलेला नाही. तळेगाव चौक तुंबलाय, बसवाल्यांना आत्ताच सांग. चिखलीच्या एका ताईंनी भारूड मागितलंय, ते लावायचं राहिलंय, लाव. माइक जवळ घेतला की भसाभस आवाज येतो, थोडा लांब धर. मुलगी प्रत्येक गोष्टीला "बरं काका" म्हणत होती आणि लिहून घेतल्यासारखी एकेक परत म्हणून दाखवत होती. अख्खा बेल्ट ऐकत होता. शेवटी काका म्हणाले, "बाकी काय न्हाई. चालू हाय पोरी. घे."

"घेतलं, काका."

कुरुळीचा दिवा विझला. मी काही केलं नव्हतं, सर्व्हरनेही नाही. त्यांनी स्वतःच बटण दाबलं होतं. मुलीने भारूड लावलं. मी डोळे पुसले आणि पडद्यावरचे आकडे उगाचच वरखाली करत बसले.

ते भारूड संपायच्या आत काकूंचा फोन आला. मला वाटलं, आवाज फाटला की काय. "न्हाई ओ ताई, आवाज ब्येस हुता," काकू म्हणाल्या. त्या हळू बोलत होत्या, बहुतेक काकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "हे आत्ता खोलीतनं भाईर आले. हातपाय धुतले. मला म्हनले, च्या ठेव, सुटलो. रिटायर झाल्यापासनं ह्यो शब्द त्येंच्या तोंडनं आज आईकला बघा."